किल्लीने गाडी बंद होते, हे केव्हापासून? मोटार थांबवण्याच्या इतिहासाचा एक धागा

१/
मोटार चालू कशी झाली याच्या इतिहासाला वाचकांची वाण नाही. ती बंद कशी होऊ लागली, हा विषय मात्र सहसा कुणी हाती घेत नाही. आजचा धागा त्यावर आहे. किल्ली 'बंद'च्या खुणेपर्यंत फिरतच नाही, किंवा फिरते पण इंजिन घरघरत राहते, हा अनुभव अनेकांचा असेल. अशा वेळी नेमके काय अडलेले असते, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेपेक्षा तिच्या इतिहासातून अधिक स्वच्छ कळते, असे माझे मत आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ चोपड्यापासून करू. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर वसले आहे. पूर्वेस यावल, पश्चिमेस शिरपूर, दक्षिणेस तापी ओलांडली की अमळनेर. गावाला रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर अमळनेर किंवा जळगाव गाठावे लागते. त्यामुळे येथील माणसांची ये-जा एसटीवर आणि काळी-पिवळी जीपवर, केळीचा माल ट्रकवर, शेताची मशागत ट्रॅक्टरवर, आणि विजेचे खांब शिवारात पोहोचण्यापूर्वी विहिरीचे पाणी तेलाच्या इंजिनावर. थोडक्यात, हा डिझेलचा मुलूख. आणि डिझेलच्या मुलखात 'किल्ली फिरवली की गाडी बंद' हे विधान कित्येक दशके साफ खोटे होते.

३/
ते का, हे समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटते ते प्लगच्या ठिणगीने. ठिणगीला वीज लागते. किल्लीने ती वीज तोडली की इंजिन मरते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. एकदा चालू झालेल्या जुन्या डिझेल इंजिनाला विजेची काहीच गरज नसे. किल्ली काढून खिशात घातली, इतकेच काय, बॅटरी सोडवून बाजूला ठेवली, तरी ते तेल असेपर्यंत चालत राही.

४/
मग ते थांबे कसे? तेल तोडून. पंपाकडे जाणारी एक तार असे, तिच्या टोकाला चालकाच्या हाताशी एक मूठ. ती ओढून धरायची, पंप तेल देणे थांबवी, इंजिन दोन आचके देऊन शांत होई. जुन्या बसमध्ये, ट्रकमध्ये, डिझेल जीपमध्ये ही ओढायची मूठ होती. अनेक ट्रॅक्टरांवर ती आजही आहे. शेतकऱ्याच्या पोराला शहरातली मोटार प्रथम चालवायला मिळते, तेव्हा त्याला नवल वाटते ते या मुठीच्या नसण्याचे. विहिरीवरच्या इंजिनांचेही तत्त्व हेच. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने अशी इंजिने गावोगाव नेली. त्यांना चालू करायला हँडल, बंद करायला तेलाचा दांडा. किल्लीचा संबंधच नाही.

५/
आता शब्दांकडे क्षणभर वळू, कारण शब्दांत इतिहास टिकून राहतो. 'चावी' आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आली, 'किल्ली' त्याआधीची. गाडीच्या संदर्भात आपण दोन्ही वापरतो. पण इंजिन सुरू करण्याला आपण 'सेल्फ मारणे' म्हणतो, ते का? कारण त्यापूर्वी 'हँडल मारणे' होते. गाडीच्या पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. दुसऱ्याने हँडल मारण्याची गरज उरली नाही, गाडी 'स्वतःच' सुरू होऊ लागली. म्हणून तो सेल्फ-स्टार्टर, आणि आपल्याकडे नुसता सेल्फ. इंग्रजी बोलणाऱ्यांनी हा शब्द केव्हाच टाकून दिला. आपल्या गॅरेजांत तो सुखाने नांदतो आहे.

६/
या काळात किल्ली काय करीत होती? फारच थोडे. १९०८ पासून निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलमध्ये किल्ली होती, पण ती ठिणगीची वीज बॅटरीकडून घ्यायची, मॅग्नेटोकडून घ्यायची की तोडायची, एवढेच ठरवी. तिच्यात कुलुपाचा गुण जेमतेम. नंतरच्या टी गाड्यांसाठी किल्ल्यांचे अवघे चोवीस प्रकार होते आणि किल्लीचा क्रमांक स्विचवरच कोरलेला असे. चोराची इतकी सोय क्वचितच कुणी केली असेल!

७/
दुसऱ्या महायुद्धातील जीप याहून बोलकी आहे. आरंभीच्या लष्करी जीपना किल्लीचा स्विच होता, पण सगळ्यांची किल्ली एकच. रणभूमीवर किल्ली हरवली म्हणून गाडी पडून राहणे परवडणारे नव्हते. पुढे युद्ध चालू असतानाच किल्ली काढून टाकून साधी फिरवायची दांडी बसवली गेली. सैन्याने सरळ निर्णय घेतला: चालू-बंद करणे हे एक काम, आणि कोण चालू करू शकतो हे ठरवणे हे दुसरे, दुसऱ्यापायी पहिले अडता कामा नये. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीस जीप जुळवायला घेतल्या. खानदेशातल्या रस्त्यांवर पुढे धावलेल्या जीपचे कूळ तेथपर्यंत पोहोचते.

८/
म्हणजे मोटारीत मुळात चार कामे वेगवेगळी होती. वीज जोडणे-तोडणे हे एक. इंजिन फिरवून सुरू करणे हे दुसरे. त्यासाठी पायाखालचे बटण किंवा ओढायची मूठ. इंजिन थांबवणे हे तिसरे. पेट्रोलमध्ये वीज तोडून, डिझेलमध्ये तेल तोडून. आणि परक्याला गाडी नेऊ न देणे हे चौथे. आज ही चारही कामे एका बोटभर जाडीच्या नळकांड्यात कोंबलेली आहेत. ती तेथे एकत्र कशी आली, हाच आपल्या प्रश्नाचा गाभा.

९/
पहिली जोडणी १९४९ ची. क्रायस्लर कंपनीने किल्ली पुढे फिरवली की सेल्फ लागेल, सोडली की ती मागे येईल, अशी रचना आणली. याच क्रायस्लरशी करार करून वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या होत्या. तरी भारतीय रस्त्यांवर जुनी पद्धत दीर्घकाळ टिकली: आरंभीच्या अँबेसेडरमध्ये किल्लीने वीज जोडायची आणि सेल्फची मूठ वेगळी ओढायची. ही रचना गैरसोयीची खरी. पण तिच्यात एक शहाणपण होते. सेल्फ अडकला तर किल्ली मोकळी, किल्ली अडकली तर सेल्फ मोकळा.

१०/
दुसरी जोडणी चोरांमुळे झाली. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टेअरिंगला कुलूप सक्तीचे केले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९ च्या गाड्यांत किल्लीचे घर डॅशबोर्डवरून उचलून स्टेअरिंगच्या दांड्यावर नेले, आणि १ जानेवारी १९७० पासून तेथे नियमच लागू झाला की किल्ली काढल्यावर स्टेअरिंग तरी अडले पाहिजे किंवा गाडी तरी हलता कामा नये. आता किल्ली मागे फिरवताना ती केवळ वीज तोडत नव्हती. एक पोलादी खुंटी स्टेअरिंगच्या खाचेत सोडत होती.

११/
यातून नवा धोका जन्मला. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे गेली तर स्टेअरिंग जागीच गोठणार. म्हणून शेवटच्या टप्प्याआधी मुद्दाम अडथळा ठेवला गेला. अनेक गाड्यांत, आपल्याकडच्या कित्येक जपानी बनावटीच्या गाड्यांतही, किल्ली 'ॲक्सेसरी'पर्यंत सहज येते. तेथून 'लॉक'वर नेण्यासाठी ती आत दाबून फिरवावी लागते. 'किल्ली बंद होत नाही' म्हणून चिंतेत पडलेल्या अनेक नव्या मालकांची अडचण एवढीच असते. ती बिघाड नव्हेच. कुणाच्या तरी जीवासाठी ठेवलेला अडसर आहे.

१२/
ऑटोमॅटिक गियरच्या गाड्यांत आणखी एक कडी जोडली गेली. गाडीत एकटे राहिलेले मूल गियरचा दांडा हलवते आणि गाडी उतारावरून सुटते, अशा अपघातांनंतर अमेरिकेत १९९० च्या दशकात बंधन आले: दांडा 'पार्क'वर असल्याखेरीज किल्ली निघणार नाही. पद्धत जगभर पसरली. त्यामुळे आज ऑटोमॅटिक गाडीची किल्ली मागे फिरत नसेल, तर दोष किल्लीत नसून पुष्कळदा गियरच्या दांड्याखालच्या तारेत किंवा छोट्या स्विचमध्ये असतो. दांडा 'पी'वर दिसतो, पण गाडीला तसे वाटत नाही. पायब्रेक दाबून दांडा खाली आणून पुन्हा ठामपणे 'पी'वर नेला, की बहुधा काम होते.

१३/
आता नळकांड्याच्या आत डोकावू. किल्लीच्या घरात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे केसासारखी स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की सर्व पट्ट्या एका पातळीत येतात आणि नळकांडे फिरते. किल्लीचे दात झिजले, स्प्रिंग मेली, किंवा पट्टीत धूळ बसली, की एखादी पट्टी वर राहते आणि फिरणे अडते. स्प्रिंग हा कुलुपाचा दुबळा अवयव, हे मुंबईत १८९७ साली कुलुपांचा व्यवसाय सुरू करणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी फार लवकर ओळखले होते. बिनस्प्रिंगचे कुलूप ही त्यांची ख्यातीच. मोटारीच्या कुलुपाला मात्र स्प्रिंगशिवाय भागले नाही.

१४/
खानदेशात या पट्ट्यांची परीक्षा अधिक कडक होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि शेतरस्त्याची काळी धूळ सर्वत्र शिरते. अशा वेळी गॅरेजमधला सर्वसाधारण उपाय म्हणजे घरात तेलाचे दोन थेंब. दोन दिवस किल्ली लोण्यासारखी फिरते. मग तेल आणि धूळ यांचा चिखल होतो आणि ती पूर्वीपेक्षा घट्ट बसते. तेथे तेल नको. ग्रॅफाइटची कोरडी पूड हवी.

डुप्लिकेट किल्लीचेही तसेच. चावीवाल्याकडे झिजलेली किल्ली नेली, तर तो झिजेसकट नक्कल करतो. त्याचा दोष नाही. गाडीसोबत मिळालेल्या किल्लीच्या क्रमांकावरून, किंवा कपाटात पडून राहिलेल्या न वापरलेल्या दुसऱ्या किल्लीवरून नक्कल करून घ्यावी. आणि किल्ली अडली तर प्रथम ती दुसरी किल्लीच लावून पाहावी: तिने फिरले तर दोष किल्लीत, न फिरले तर घरात. पक्कड लावून फिरवू नये. किल्ली आत मोडली की दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते, आणि चोपड्याहून जळगाव सुमारे पन्नास किलोमीटर.

१५/
चाक दगडाला किंवा फुटपाथला टेकून वळलेले असेल तर आणखी एक कारण संभवते: स्टेअरिंगचा सगळा ताण त्या पोलादी खुंटीवर येतो. तेव्हा एका हाताने स्टेअरिंग हलके डावी-उजवीकडे हलवीत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची. जोर हातात नको, लयीत हवा.

१६/
याहून अवघड प्रकार म्हणजे किल्ली फिरते, निघतेही, पण इंजिन चालूच. येथे कुलूप निर्दोष असते. कुलुपाच्या मागे विजेचा स्विच वेगळा असतो आणि त्याचे टोक जळून चिकटलेले असू शकते. जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत तर वीज पूर्ण तुटूनही इंजिन काही क्षण धडधडे, कारण सिलिंडरमधला लाल झालेला काजळीचा थर ठिणगीचे काम करी. पेट्रोल इंजिन तेवढ्यापुरते डिझेल होई. काही वेळा अल्टरनेटर किंवा पंख्याची मोटार उलट्या मार्गाने वीज परत पाठवते आणि इंजिन तिच्यावर तग धरते.

१७/
डिझेलमध्ये ओढायच्या मुठीची जागा पुढे विजेच्या सोलेनॉइडने घेतली आणि तेव्हा कोठे डिझेल गाडी खऱ्या अर्थाने किल्लीने बंद होऊ लागली. हे सोलेनॉइड दोन स्वभावांचे. एक वीज मिळाली तरच तेल सोडतो; त्याची तार तुटली तर गाडी जागेवर थांबते. दुसरा वीज मिळाली की तेल अडवतो. त्याची तार तुटली तर गाडी थांबतच नाही. कागदावर दोघांचे काम एकच. बिघाड झाल्यावर मात्र एक तुम्हाला रस्त्यात उभे करतो आणि दुसरा थांबू देत नाही. यंत्राची पारख ते चालते कसे यापेक्षा बिघडते कसे यावरून करावी, असे मला हे वाचताना वारंवार वाटले.

१८/
चार कामे एकाच ठिकाणी कोंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१४ मध्ये जगाला दिसले. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या भाराने किंवा गुडघा लागून तो चालत्या गाडीत आपोआप मागे येई. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही बंद. कंपनीने पुढे स्विच बदलला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे तपास करणाऱ्यांना दोष सापडायला वर्षे गेली. कंपनीच्याच भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यू मान्य केले.

१९/
त्याआधी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात नेमके उलटे घडले होते. पायाखालच्या चटईत ॲक्सिलरेटर अडकला, गाडी सुसाट सुटली, चौघांचा अंत झाला. त्या गाडीला किल्लीऐवजी बटण होते आणि चालत्या गाडीत इंजिन बंद करायचे तर ते सुमारे ३ सेकंद दाबून धरावे लागे. घाबरलेला माणूस बटण दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. ३ सेकंद कोण मोजणार? एका गाडीत थांबणे फार सोपे, दुसरीत फार अवघड. दोन्हींत थांबवण्याचे स्वतंत्र, उघड साधन नव्हते.

२०/
ते साधन इतरत्र टिकून आहे, हे लक्षात घ्यावे. मोटारसायकलच्या मुठीवर लाल बटण असते. कारखान्यातल्या प्रत्येक मोठ्या यंत्रावर लाल भोंगळ बटण असते. ट्रॅक्टरवर ती ओढायची मूठ असते. घरच्या मोटारीतून मात्र ते गेले, कारण मोटारीत प्रत्येक सुधारणा मालकाच्या सोयीसाठी किंवा चोराच्या गैरसोयीसाठी झाली. थांबू न शकणाऱ्या चालकाचा विचार त्या रांगेत सर्वांत शेवटी आला. हे मत माझे. कुणाला अतिरेकी वाटले तर हरकत नाही.

२१/
कायदा याबाबत अधिक स्वच्छ आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२६ पाहा. चालकाच्या आसनावर परवानाधारक नसेल, तर सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना यंत्रणा थांबवलेली हवी, आणि ब्रेक लावलेला हवा किंवा चालकाच्या अनुपस्थितीत गाडी चुकूनही सुटणार नाही अशी अन्य तजवीज हवी. किल्लीचा उल्लेखही नाही. स्टँडवर प्रवासी भरेपर्यंत इंजिन घरघरत ठेवून चहाला जाणाऱ्या जीपवाल्याने हे कलम वाचलेले नसते. पण ज्याची किल्लीच फिरत नाही, त्याला तरी गाडी सोडून मेकॅनिक शोधायला जाता येत नाही, हे त्यातून निघते.

२२/
मग त्याने करावे काय? गाडी उभी असेल तर प्रथम हँडब्रेक, चाकाला दगड. हातगियरची गाडी असेल तर सर्वांत वरचा गियर टाकून, पायब्रेक पूर्ण दाबून, क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. स्वतःचेच वंगण तेल पिऊन बेभान झालेल्या डिझेल इंजिनालाही हाच उपाय, कारण तेथे इंधन तोडूनही भागत नाही. नाहीतर हवा आत घेण्याचे तोंड फळीने बंद करावे. हाताने कधीही नाही. ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीत 'पी' आणि हँडब्रेक लावून इंधन पंपाचा फ्यूज काढावा. नळीतले पेट्रोल संपले की इंजिन थांबते.

गाडी चालती असेल तर किल्लीला हातच लावू नये. ब्रेक एकदाच जोरात, गियर न्यूट्रल, कडेला थांबणे, मग बाकीचे. बटणाची गाडी असेल, तर ते किती वेळ दाबायचे हे आजच पुस्तिकेत पाहून ठेवावे.

२३/
एक सावधगिरी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढण्याचा सल्ला अनेकजण देतात. अल्टरनेटर वीज देतच राहतो, गाडी बंद होतेच असे नाही, आणि विजेच्या उसळीने आतले इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. इंजिन बंद पडले आणि किल्ली मात्र 'चालू'वर अडकली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ऋण टोकाची तार जरूर काढावी. नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी रिकामी, आणि पॉइंटच्या जुन्या गाडीत कॉइलही जळालेली.

२४/
आता एक विनंती. ओढायच्या मुठीला गावोगाव काय म्हणत, याची नोंद मला कोठे मिळालेली नाही. तुमच्या घरात जुना ट्रॅक्टर, विहिरीवरचे इंजिन किंवा एसटीत नोकरी केलेले कुणी असेल, तर त्यांना विचारून तो शब्द येथे लिहा, गावाच्या नावासह. अहिराणीतला आणि लेवा बोलीतला शब्द मिळाला तर विशेष आनंद होईल.